बर्फाखालची जागा

१

पेटी गेल्याचं कळलं तो गुरुवार होता. १९८६ सालच्या मे महिन्याची आठ तारीख. माझी बायको वसुधा जाऊन त्या दिवशी अठ्ठ्याऐंशी दिवस झाले होते. मी दिवस मोजत होतो. दुसरं काही सुचत नव्हतं.

मी शिवदास कोचरेकर. फ्रीज दुरुस्त करतो. कांजूरमार्गला माझा गाळा आहे. गाळ्यात फोन नाही. शेजारी भाऊ टेलरकडे आहे, तिथे माझे निरोप येतात. भाऊने मशीन न थांबवताच हाक मारली.

"कोचरेकर, मुलुंडवरनं डॉक्टरांचा फोन. लगेच ये म्हणतायत."

"फ्रीज बंद पडला?"

"ते नाय बोलले. पण माणूस तापलेला वाटला."

डॉक्टर म्हणजे नंदकिशोर विजयकर. मुलुंडला त्यांचं बाळंतपणाचं आणि लहान मुलांचं नर्सिंग होम आहे. वसुधा तिथे चौदा वर्षं सिस्टर होती. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेली किलो-सव्वा किलोची बाळं काचेच्या पेटीत ठेवतात, ती खोली तिच्याकडे होती. त्या खोलीतला फ्रीज माझ्याकडे. ती गेल्यापासून मी त्या जिन्यावर पाय ठेवला नव्हता.

डॉक्टर फ्रीजसमोर उभे होते. फ्रीज व्यवस्थित चालत होता.

"पेटी गेली, कोचरेकर," ते म्हणाले. "वाढीच्या औषधाची."

"कसलं औषध?"

"ग्रोथ हार्मोन. मेंदूच्या खाली एक ग्रंथी असते, तिच्यातून येतं. त्याच्यावर मूल वाढतं. माझ्या परदेशातल्या मित्राने गेल्या वर्षी मार्चमध्ये पेटी पाठवली होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रोज एक, असं दहा दिवस इंजेक्शन द्यायचं आणि वजन बघायचं. वर्षभराचा अभ्यास आहे माझा. मंगळवारी मोठ्या हॉस्पिटलातले लोक बघायला येतायत. बाटल्या मोजून ठेवाव्यात म्हणून आज सकाळी मी स्वतः फ्रीज उघडला."

"याआधी कधी उघडला होता?"

"मी कशाला उघडू? सगळं सिस्टर बघायच्या. आता प्रेमा बघते. काल सकाळी दहाला प्रेमाने इंजेक्शन दिलं, वहीत सही आहे. म्हणजे काल दहाला पेटी होती. दुपारी शेवंतीने खोली पुसली. प्रेमाची चावी टेबलावरच होती. आज पेटी नाही. यात कोडं काय आहे?"

"मग मला कशाला बोलावलंत, साहेब?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नव्हे तो. वसुधाला काविळीने धरलं तेव्हा रोज घरी येऊन बघून जायचा.

"या कुलपाला तीन चाव्या होत्या. एक माझी, एक प्रेमाची. तिसरी कोचरेकर सिस्टरांच्या वेळेला हरवली. शनिवारी दुपारी मी पोलिसात जाणार आहे. शेवंतीचं नाव देईन. पण ते तिसऱ्या चावीचं विचारणार, आणि मला सिस्टरांचं नाव घ्यावं लागेल. घरी शोधा. मिळाली तर आणून द्या. मी काही विचारणार नाही."

चौदा वर्षं जिने दुसऱ्यांची पोरं सांभाळली, तिचं नाव चोरीच्या तक्रारीत जाणार होतं. आणि तिला विचारायची सोय नव्हती.

२

"मला आधी फ्रीज बघू द्या," मी म्हणालो.

जुना, एका दाराचा फ्रीज. याच्यात बर्फ आपोआप वितळत नाही, महिन्याला एकदा बंद करून काढावा लागतो. दाराच्या आतल्या बाजूला वसुधाने एक कार्ड चिकटवलं होतं. वर तिच्या अक्षरात 'बर्फ काढला' आणि खाली तारखा. दर महिन्याचा शेवटचा शनिवार. शेवटची तारीख २५ जानेवारी. त्याच्यापुढे कोणी काही लिहिलं नव्हतं, आणि बर्फही कोणी काढला नव्हता.

वरचा कप्पा उघडला. बर्फ बोटाच्या दोन पेरांएवढा चढला होता. खाली, बाजूला, मागे, सगळीकडे पांढरा आणि सपाट, अंथरलेल्या चादरीसारखा.

"पेटी इथेच असायची? या कप्प्यात?"

"इथेच. खालीच टेकलेली. पत्र्याची होती, चपलांच्या खोक्याएवढी."

मी बर्फावर हात फिरवला. चादरीला कुठे सुरकुती नव्हती. मी दार लावलं आणि काही बोललो नाही. ती सवय मला धंद्याने लावली आहे. गिऱ्हाइकासमोर पहिल्या नजरेत बिघाड सांगायचा नाही.

शेवंती मागच्या पायरीवर बसली होती. मार्चमध्ये लागलेली आया. बाई आमच्याकडचीच, वेंगुर्ल्याची. मला बघून तिने पदर डोळ्याला लावला.

"माका काय ठावक त्या पेटीचा? मी फ्रीजाक हात सुदिक लावूक नाय. फडको मारलंय भायरसून, बस. चोर म्हणतत माका! ह्या वयात!"

"मी नाही म्हटलं."

"तुमी नाय म्हटलास. पन घरवाली असती ना तुमची, तर ती बोलली असती त्यांका. तिचा नाव हय सगळी घेतत." मग ती जरा थांबली. "पोरां कशान वाढतत ता मी सांगतंय. आवशीच्या दुधान. पळयेन थेंब थेंब घालूचा, पोराक छातीशी बांधून बसूचा. ह्येंका सुयो व्हयत."

मागे कंपाउंडर काशीराम औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत होता. तिथे सगळे त्याला मामा म्हणतात. त्याने मला स्टूल दिलं आणि स्वतः उभा राहिला.

"मामा, त्या औषधाच्या बाटल्या बघितल्या होत्या तुम्ही?"

"रिकाम्या बघितल्यात की. टिकलीएवढ्या, निळ्या टोपणाच्या. इथल्या रिकाम्या बाटल्या माझ्याकडे येतात, मी धुऊन ठेवतो. त्यातल्या एकीत तर मी घरी देवाचं अष्टगंध ठेवलंय. फर्स्टक्लास टोपण बसतं."

"शेवटची कधी मिळाली?"

तो चिठ्ठी हातात धरून आठवत राहिला. "गटारीच्या सुमाराला. गेल्या जुलैमध्ये. मग सिस्टर म्हणाल्या, मामा, आता त्या मी फोडून टाकते. मी म्हटलं, का हो? तर म्हणाल्या, उगाच कशाला वापरता. चांगल्या बाटल्या, राव! जिवावर आलं माझ्या."

जुलै. म्हणजे दहा महिने.

"आणि इंजेक्शनबरोबरचं पाणी? ते लागायचं ना?"

"डिस्टिल्ड वॉटर? ते जातंच आहे. एका बाळाला रोज एक. कालसुद्धा प्रेमा घेऊन गेली."

३

प्रेमा एका काचेच्या पेटीशी उभी होती. चोवीस-पंचवीसची मुलगी, वसुधाच्या हाताखाली दोन वर्षं तयार झालेली. आत एक बाळ होतं. नीला नावाच्या कोणा बाईची मुलगी. अकराशे ग्रॅमची जन्मली होती, आता तेराशेच्या वर गेली होती. तिची मूठ माझ्या पान्याच्या नटाएवढी होती.

"काका, तुम्ही जेवता का नीट?" प्रेमाने आधी तेच विचारलं.

"जेवतो. शेजारची सुगंधा डबा देते. प्रेमा, पेटी तू रोज काढायचीस?"

"हो. सकाळी दहाला. एक बाटली काढायची, पाणी घालून हलवायचं, द्यायचं, पेटी परत आत."

"सहज निघायची?"

"म्हणजे?"

"चिकटायची वगैरे नाही ना?"

"नाही हो. अशी उचलायची," तिने दोन्ही हातांनी हवेतून खोकं उचलून दाखवलं. बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, बाळाकडे बघत होती.

मी बरं म्हटलं आणि डॉक्टरांच्या खोलीत गेलो. त्यांनी मला अभ्यासाची वही दाखवली. मला वाटतं, त्यांना कोणाला तरी दाखवायचीच होती. जन्मापासूनचे दिवस आडवे, वजन उभं. एप्रिल ते पुढचा एप्रिल, चौतीस बाळं, त्यांच्या चौतीस रेघा. मी शिकलेला नाही, पण तापमानाचे असे कागद मी आयुष्यभर बघितले आहेत. रेघ वाचता येते मला.

"बघा. सगळ्या वर चढलेल्या आहेत," ते म्हणाले. "औषधाचं काम दिसतं की नाही?"

"जुलैपर्यंतची बाळं कुठली?"

"ही पहिली अकरा. का?"

"आणि नंतरची ही तेवीस. रेघा सारख्याच दिसतात."

"मग? औषध तेच आहे ना."

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली. पेटी काल गेलेली नव्हती, हे मला बर्फ बघितला तेव्हाच कळलं होतं. कधी गेली, ते आता कळत होतं. आणि तेव्हा चावी कोणाकडे होती, तेही.

४

आमचं घर गाळ्यापासून पाच मिनिटांवर आहे. चाळीत दोन खोल्या, पुढे गॅलरी. लोक हसतात, पण फ्रीजवाल्याच्या घरी चालू फ्रीज नाही. एक मेलेला आहे. यंत्र काढून घेतलेली नुसती बॉडी मी एका गिऱ्हाइकाकडून उचलून आणली होती. वसुधाने त्याचं कपाट केलं. तिच्या साड्या त्यात असायच्या. "उंदीर जात नाही, झुरळ जात नाही, धूळ जात नाही," ती म्हणायची, "झकास कपाट आहे." ती गेल्यावर मी ते उघडलेलं नव्हतं. उघडलं की आतला तिचा वास जाईल असं वाटायचं.

शेजारची सुगंधा जेवणाचा डबा घेऊन आली. कडेवर नातू, बाळा. अकरा महिन्यांचा. तो आमच्याकडे आला की त्या फ्रीजच्या हँडलला धरून उभा राहतो आणि दारावर हात आपटतो. तसा आपटायला लागला.

"मेल्या, काकांना त्रास देतोस," सुगंधा म्हणाली. "सिस्टर नसत्या ना, तर हा दिसला नसता. सातव्या महिन्यात आला, उंदरासारखा होता. सूनबाई तर हात लावायला घाबरायची. आता बघा, दांडगट!"

मी बाळाकडे बघून हसलो. सुगंधा गेली. मी डबा तसाच ठेवला आणि बसून विचार केला.

वसुधा घरी कामाचं बोलत नसे. पण गेल्या उन्हाळ्यात एकदा जेवताना तिने विचारलं होतं, "अहो, फ्रीजचा कॉम्प्रेसर जोरात चालतोय, पण आत थंड होत नाही, असं कधी होतं?"

"गॅस कमी असला की होतं."

"मग आणखी मोठा कॉम्प्रेसर लावला तर?"

"तर काय, तोही जळेल. गॅस भरायला हवा ना बाई."

ती बराच वेळ भात चिवडत बसली होती. मला वाटलं, नर्सिंग होमचा फ्रीज बिघडलाय. मी तपासायला गेलो तर चांगला चालत होता.

आणि दुसरी गोष्ट. या जानेवारीत ती दर रविवारी दुपारी बाहेर जायची. एका रविवारी घाटकोपर, एका रविवारी विक्रोळी. मैत्रिणीकडे, म्हणायची. आठवड्यात एक सुट्टी, तीही घरी नाही, म्हणून मी कुरकुर केली होती. ती म्हणाली होती, "थोडेच रविवार आहेत. मग झालंच." फेब्रुवारीत ती आजारी पडली. नऊ दिवसांत संपलं.

मी उठलो आणि मेलेल्या फ्रीजचं दार उघडलं.

साड्या तशाच घडी घातलेल्या होत्या. खालच्या दोन उचलल्यावर पत्रा लागला.

५

पेटीवर कुलपाची तिसरी चावी दोऱ्याने बांधलेली होती. आत निळ्या टोपणाच्या बाटल्या, सील न फोडलेल्या. एक इंग्रजी पत्र. लॅबोरेटरीचा एक छापील कागद. आणि कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेली एक यादी.

मला इंग्रजी फारसं येत नाही. तिलाही सुरुवातीला येत नसे. नर्सिंगची पुस्तकं वाचताना ती प्रत्येक ओळीखाली पेन्सिलने मराठी लिहायची. इथेही तिने तेच केलं होतं.

पत्र परदेशातल्या मित्राचं होतं, डॉक्टरांच्या नावे, गेल्या जूनमधलं. हे औषध मेलेल्या माणसांच्या ग्रंथी गोळा करून काढतात. लहानपणी ते वर्षानुवर्षं घेतलेले तीन-चार तरुण इकडे मेंदूच्या एका दुर्मीळ रोगाने वारले आहेत. रोग औषधातून गेला असावा अशी शंका आहे. सुई आणि रोग यांच्यात कित्येक वर्षं जातात. इकडे औषध बंद केलं आहे, तूही वापरू नकोस. तिने 'वापरू नकोस' खाली दोन रेघा मारल्या होत्या.

लॅबोरेटरीचा कागद पहिल्या काही बाळांच्या रक्ताचा होता. त्याखाली तिने लिहिलं होतं, 'या पोरांच्या रक्तात हे आधीच मोठ्या माणसाच्या कितीतरी पट आहे. कमी नाहीच.'

यादीत अकरा नावं होती. बाळाच्या आईचं नाव, पत्ता, किती इंजेक्शनं दिली. चार नावांपुढे बरोबरची खूण आणि तारीख. ५ जानेवारी, १२, १९, २६. चारही रविवार.

खाली एक ओळ होती. 'सुया मी दिल्या. सांगायचंही मीच.'

अकरावं नाव वाचून मी यादी घडी केली आणि खिशात ठेवली. सुगंधाने दिलेला डबा तसाच थंड झाला.

६

शुक्रवारी मी प्रेमाला नर्सिंग होमच्या बाहेर, बस स्टॉपवर गाठलं. पेटी दाखवली नाही. एवढंच म्हटलं, "त्या फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढायलासुद्धा चमच्याने टोचावं लागतं. पेटी तुझ्या हाताला चिकटली नाही, कारण पेटी तू कधी काढलीच नाहीस."

ती रडली नाही. सुटल्यासारखी दिसली.

"सिस्टर म्हणाल्या होत्या, नुसतं पाणी दे. अर्धा सीसी. सही करत जा. का, ते विचारू नकोस, म्हणजे तुला उत्तर द्यावं लागणार नाही. मी नाही विचारलं, काका. पण शेवंतीमावशीचं नाव आलं तेव्हा माझी वाट लागली. सांगू तर सिस्टरांचं नाव जाणार."

"शनिवारी ये. फक्त उभी राहा."

शनिवारी सकाळी अकरा वाजता आम्ही डॉक्टरांच्या खोलीत जमलो. डॉक्टर, प्रेमा, शेवंती, काशीराम आणि मी. पेटी माझ्या हत्यारांच्या पिशवीत होती.

"चावी मिळाली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मिळाली. पण आधी बर्फाचं ऐका. बर्फाच्या कप्प्यात पत्र्याची पेटी खाली टेकून ठेवली की बर्फ तिच्या चारी बाजूंनी चढतो, तिच्याखाली धरत नाही. रोज काढा, रोज ठेवा, तिची जागा तिथे राहते. पेटी उचलली तर चपलांच्या खोक्याएवढा खड्डा दिसला पाहिजे. एका दिवसात तो भरत नाही. मी गुरुवारी बघितलं तेव्हा खड्डा नव्हता. दोन पेरं बर्फ, सगळीकडे सारखा. तो बर्फ २५ जानेवारीपासूनचा आहे, दारावरच्या कार्डावर तारीख आहे. म्हणजे २५ जानेवारीनंतर ती पेटी त्या कप्प्यात एक दिवसही नव्हती. शेवंती लागली मार्चमध्ये."

"बगा!" शेवंती म्हणाली. "माका चोर म्हणी होते!"

"पण इंजेक्शनं तर..." डॉक्टर प्रेमाकडे वळले.

"पाणी," प्रेमा म्हणाली. "मी फेब्रुवारीपासून. त्याआधी सिस्टर."

"त्याआधी कधीपासून?"

"जुलैपासून," मी म्हणालो. "मामांना निळ्या टोपणाची रिकामी बाटली त्यानंतर मिळाली नाही. पाण्याच्या बाटल्या मात्र रोज जात होत्या. पेटी वसुधाने नेली. तिसरी चावी हरवली नव्हती, तिने ठेवून घेतली होती. पुढे कधी फ्रीज दुसऱ्या कोणाच्या ताब्यात गेला आणि नवी पेटी आली, तर उघडता यावी म्हणून असेल. ते मी अंदाजाने सांगतोय."

मी पेटी टेबलावर ठेवली. पत्र काढून त्यांच्यासमोर सरकवलं. ते त्यांनी उचललं नाही. लांबूनच ओळखलं.

"हे तुम्ही वाचलं होतं," मी म्हणालो.

काशीराममामा हळूच म्हणाला, "त्या बाटल्या... माझ्या देवाऱ्यात..."

"मी वाचलं होतं," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर माझ्याकडे आल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, तिकडची मुलं वर्षानुवर्षं घेत होती, आपण दहा दिवस देतो. सगळ्या पेट्या काही तशा नसतात. मला वाटलं..."

"आणि रक्ताचा कागद?"

"अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ते जास्तच सापडतं. माझा विचार असा होता की शरीर त्याचं ऐकत नसेल, तर आणखी द्यावं."

"वसुधाने मला विचारलं होतं. कॉम्प्रेसर जोरात चालतोय, गॅस नाही, मोठा कॉम्प्रेसर लावू का? मी नाही म्हटलं होतं. गॅस भरा म्हटलं. पोरांना दूध हवं होतं, साहेब. ते शेवंतीसारख्या बाया पळीने घालत होत्या, म्हणून तुमच्या रेघा चढल्या. पहिल्या अकरांना औषध मिळालं, नंतरच्या तेवीसांना पाणी. रेघा सारख्या आहेत. तुमचा अभ्यास चुकलेला नाही. उत्तर फक्त तुम्हाला हवं होतं ते नाही."

डॉक्टरांनी वही पुढे ओढली. बाराव्या रेघेवर बोट ठेवलं, मग अकराव्या. त्यांचे केस गेल्या वर्षी एवढे पांढरे नव्हते. मला राग यायला हवा होता. मी फार दमलो होतो.

"मी तक्रार देत नाही," ते म्हणाले.

"ते ठीक आहे. शेवंतीची माफी मागा."

त्यांनी मागितली. शेवंतीने पदर खोचला आणि म्हणाली, "बरा बरा. माका काम आसा. त्या पोराची दुधाची वेळ झाली." आणि गेली.

"यादीत अकरा घरं आहेत," मी म्हणालो. "त्यांना कोण सांगणार?"

"मी पत्रं लिहीन," डॉक्टर म्हणाले. "वकिलाला विचारून."

वकिलाचं नाव निघालं तेव्हाच मला कळलं की पत्रं जाणार नाहीत. मी यादी खिशातून काढली नाही.

७

मंगळवारची माणसं आली नाहीत. डॉक्टरांनी त्यांना येऊ नका म्हणून कळवलं. बाटल्या प्रेमाने आणि मी नर्सिंग होमच्या मागच्या भट्टीत जाळल्या, काशीराममामाच्या अष्टगंधाच्या बाटलीसकट. मी फ्रीज बंद करून बर्फ काढला आणि कार्डावर तारीख घातली. वसुधाचं नाव कुठल्या तक्रारीत गेलं नाही. मला हवं होतं ते झालं.

तिने औषध चोरलं होतं, हे खरं आहे. पत्र जूनमध्ये आलं. डॉक्टर बंद करतील म्हणून तिने जुलैपर्यंत वाट बघितली, आणि तोवर सुया देत राहिली, हेही खरं आहे. पेटी नेल्यावर अकरा घरांना सांगायला निघायला तिला आणखी सहा महिने लागले. तेव्हा तिला किती जड गेलं असेल ते मला आता कळतं, कारण आता मी जातो. मेपासून रविवारी दुपारी गाळा बंद ठेवतो आणि एक पत्ता गाठतो. अंधेरी, बोरिवली, भांडुप. एक कुटुंब मालाडला राहायला गेलं होतं, त्यांना शोधायला तीन रविवार लागले.

मी तेच सांगतो जे तिने सांगितलं असतं, आणि औषधाचं नाव लिहिलेला एक कागद हातात देतो. जन्मल्यावर तुमच्या मुलाला दिलेल्या औषधात दोष असण्याची शंका आहे. बहुतेक काही होणार नाही. पण हा कागद जपून ठेवा, मूल मोठं झाल्यावर त्याने कोणाला रक्त देऊ नये, आणि कधी चालताना तोल जायला लागला तर डॉक्टरला हा कागद दाखवा. कोणी चहा देतं. एका बापाने मला जिन्यावरून ढकललं. एक आई म्हणाली, "हे सांगायला कशाला आलात? आम्ही सुखात होतो." वसुधा तिला काय म्हणाली असती, ते मला माहीत नाही.

चार घरं तिने केली. सहा मी केली.

यादीतलं अकरावं नाव सुगंधाच्या सुनेचं आहे. पुढे दहा इंजेक्शनं लिहिली आहेत. वसुधा रोज त्या दारावरून जायची, आणि तिनेही तिथे खूण केलेली नाही. बाळा आता चालतो. गॅलरीतून येतो, मेलेल्या फ्रीजचं दार बडवतो. सुगंधा अजून डबा देते.

त्या घरात मी अजून सांगितलेलं नाही.